कळा आणि अवकळा : जुन्या पेट्रोल पंपाच्या रंगकामाची खरी किंमत

प्रास्ताविक

जुनी वस्तू हाती आली की तिचे प्रथम काय करावे, या प्रश्नाला आपल्याकडे बहुधा एकच उत्तर मिळते : ती घासून-पुसून, रंगवून नवी करावी. हाताने चालणारा जुना पेट्रोल पंप, शेतातील ऑइल इंजिन, गुऱ्हाळाचा चरक अशा यंत्रांच्या बाबतीत तर हे उत्तर जवळजवळ गृहीतच धरले जाते. याउलट, वस्तूचा मूळ रंग, त्यावरील झीज आणि काळाने आलेली झाक जशीच्या तशी राखावी, असे मानणारा एक मतप्रवाह संग्राहकांत आणि संवर्धनतज्ज्ञांत आहे. या झाकेला ते 'पॅटिना' म्हणतात. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी जुना पेट्रोल पंप हे उदाहरण घेतले आहे. येथे 'पंप' या शब्दाने इंधनविक्रीचे केंद्र नव्हे, तर इंधन मोजून देणारे यंत्र अभिप्रेत आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार सर्वसाधारण वस्तूला पुरावस्तू ठरण्यासाठी किमान शंभर वर्षांचे वय लागते. विसाव्या शतकाच्या मध्यावरची यंत्रे या व्याख्येत अद्याप बसत नाहीत. मोटारगाड्यांच्या बाबतीत २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळाली. त्या गाडीत पेट्रोल भरणाऱ्या पंपाला मात्र असा कोणताही आधार नाही. त्याचे भवितव्य मालकाच्या, भंगारवाल्याच्या किंवा रंगाऱ्याच्या हाती असते. म्हणूनच निर्णय कोणत्या निकषांवर घ्यावा, हे ठरवणे आवश्यक आहे.

पंपाच्या पृष्ठभागावर काय लिहिलेले असते?

अमेरिकेतील फोर्ट वेन येथील सिल्व्हेनस बाउझर यांनी १८८५ साली केरोसीन मोजून देणारा पंप तयार केला. टँकरसाठी आपण आजही वापरतो तो 'बाउझर' हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. पुढे मोटारी वाढल्यावर माथ्यावर काचेचे नळकांडे असलेले पंप आले. हाताच्या दांड्याने इंधन वर चढवायचे, काचेवरील खुणांनी गिऱ्हाइकासमोर मोजायचे आणि नळीवाटे टाकीत सोडायचे, अशी त्यांची रीत होती. त्यानंतर घड्याळासारखी तबकडी असलेले आणि पुढे रक्कमही दाखवणारे पंप आले. ओतीव लोखंडाचा पाया, पत्र्याचे आवरण, पितळी जोड, काच, रबरी नळी आणि तबकडी अशा अनेक पदार्थांचे ते एकत्र बांधकाम असते. 'पंप रंगवणे' असे आपण एका शब्दात म्हणतो. प्रत्यक्षात या प्रत्येक पदार्थाचे म्हातारपण वेगळे असते.

भारतातील पंपाच्या पृष्ठभागाला आणखी एक परिमाण आहे. बर्मा-शेल ही कंपनी १९२८ साली स्थापन झाली. तिच्याबरोबर एस्सो आणि कॅल्टेक्स या कंपन्यांचेही पंप देशात होते. १९७४ साली एस्सोचे राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम अस्तित्वात आली. १९७६ साली बर्मा-शेल सरकारने ताब्यात घेतली आणि १९७७ पासून तिचे नाव भारत पेट्रोलियम झाले. कॅल्टेक्स १९७८ साली हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. या बदलांत प्रत्येक जुना पंप लगेच मोडीत काढण्याचे कारण नव्हते; चालू यंत्रावर नव्या कंपनीचा रंग चढवता येत होता. म्हणून अशा पंपावर बाहेरच्या रंगाखाली आधीच्या कंपनीचा रंग सापडणे शक्य असते. सार्वजनिक क्षेत्राचा इतिहास आपण कायद्यांतून आणि अहवालांतून शिकवतो. येथे तो पत्र्यावर थरांच्या रूपाने शिल्लक असू शकतो.

हीच गोष्ट तबकडीची. नाण्यांची दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ रोजी आली. वजनमापांची मेट्रिक पद्धत १९५६ च्या कायद्यानुसार पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झाली. गॅलनच्या खुणा असलेली तबकडी, तिच्यावर नंतर चिकटवलेली लिटरची पट्टी, वजनमापे निरीक्षकाने लावलेली शिशाची मोहर आणि पडताळणीचे ठोकलेले शिक्के हे सर्व त्या संक्रमणाचे प्रत्यक्ष पुरावे आहेत. सँडपेपर आणि स्प्रेगन यांना या खुणांतील फरक कळत नाही. रंगकामात सर्वांत आधी नाहीसे होते ते हेच.

संकल्पनेची चिकित्सा

पॅटिना हा शब्द इटालियन भाषेतून आला असून प्रारंभी तो प्रामुख्याने कांस्यावर काळाने चढणाऱ्या थराबद्दल वापरला जाई. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द रूढ नाही. परंतु 'कळा' आणि 'अवकळा' ही जोडी आपल्याकडे आहे आणि ती या चर्चेत अधिक उपयोगी आहे. चेहऱ्याला कळा येते, वाड्याला अवकळा येते. दोन्ही काळाचेच परिणाम. परंतु एकात वस्तू समृद्ध होते, दुसऱ्यात ती खचते. इंग्रजी चर्चेत पॅटिना हा एकच शब्द अनेकदा दोन्ही अवस्थांना लावला जातो आणि तेथेच गोंधळ सुरू होतो.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा भेद स्पष्ट आहे. तांबे व कांस्य यांवरील हिरवट थर बहुतांशी घट्ट बसलेला असतो आणि खालच्या धातूची झीज मंदावतो. लोखंडावरील गंज याच्या उलट वागतो. तो सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो आणि मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने वरचा रंग उचलून टाकतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे साठ टक्क्यांच्या वर गेली की त्याचा वेग वाढतो. पन्हाळा-शाहूवाडीच्या पावसात जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलेल्या लोखंडी यंत्राला 'पॅटिना राखली आहे' असे म्हणणे ही आत्मवंचना ठरते. तेथे राखला जातो तो गंज.

दुसरा भेद वापराचा आहे. दांड्याच्या मुठीवरचा रंग हजारो वेळा हात लागून गेलेला असतो. नळी अडकवण्याच्या आकड्याखाली पत्रा चकाकतो. तबकडीच्या कडेला बोटांचे डाग बसतात. ही वापराची कळा. पंप बंद पडल्यावर गोदामामागे पडून आलेली छिद्रे आणि पोपडे ही टाकून दिल्याची अवकळा. पहिली कामाविषयी सांगते, दुसरी हयगयीविषयी. रंगकामाचा पुरस्कर्ता दोन्ही पुसून टाकतो. पॅटिनाचा आग्रही भक्त दोन्ही जपतो. माझ्या मते दोघांचीही चूक एकच आहे : या दोन अवस्थांत ते भेद करीत नाहीत.

सिद्धान्तांचा आढावा आणि त्यांच्या मर्यादा

हा वाद युरोपात वास्तूंच्या संदर्भात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक यांनी वास्तूला परिपूर्ण अवस्थेत आणण्याचा पुरस्कार केला. ती अवस्था पूर्वी प्रत्यक्षात कधी नसली तरी त्यांना चालत असे. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी १८४९ च्या आपल्या ग्रंथात अशा जीर्णोद्धाराला नाशाचाच एक प्रकार मानले, तर विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. १९०३ साली व्हिएन्नातील आलोइस रीगल यांनी या वादाला मूल्यांची चौकट दिली. जुनेपणाचे मूल्य, ऐतिहासिक मूल्य, उपयोगमूल्य आणि नवेपणाचे मूल्य ही परस्परांशी झगडणारी मूल्ये आहेत, असे त्यांनी दाखवले. १९६४ च्या व्हेनिस सनदेने दोन महत्त्वाची तत्त्वे मांडली : जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनःस्थापन थांबले पाहिजे आणि वास्तूवरील सर्व काळांच्या भरींचा आदर झाला पाहिजे. ऐतिहासिक वाहनांसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली स्वीकारलेली ट्युरिन सनद हीच दिशा यंत्रांकडे वळवते.

यांपैकी रीगल यांची चौकट आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळची आहे. परंतु ती जशीच्या तशी लागू पडत नाही. भग्न मंदिराचा कळस पडलेला पाहून मनात जी कालभावना जागते, ती गंजलेला पंप पाहून कारागिराच्या मनात जागेलच असे नाही. त्याच्या दृष्टीने गंज म्हणजे यंत्राची हेळसांड. आपल्या भागात खंडेनवमीला यंत्रे, अवजारे धुऊन-पुसून, कोठे रंगाचा हात देऊन, त्यांची पूजा होते. ही परंपरा अज्ञानातून आलेली नाही. यंत्र निगुतीने राखण्याची ती एक नीती आहे. शिवाय पंप चालू असताना कंपनीच तो वेळोवेळी रंगवत असणार. मग 'मूळ' अवस्था कोणती मानावयाची? १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाचा विचार त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात करावा असे म्हटले आणि २००४ च्या इंटॅक सनदेने भारतातील जिवंत कारागिरीच्या परंपरेला संवर्धनात स्थान दिले. रंगकामाच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद येथून उभा राहतो आणि तो झटकून टाकता येत नाही.

तथापि याच परंपरेत दुसरे उदाहरणही आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे कवच २०२२ साली उतरवले गेले, तेव्हा खालचे मूळ रूप दृष्टीस पडले. २०१५ साली कोल्हापुरात अंबाबाईच्या मूर्तीवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने संवर्धनप्रक्रिया केली, तेव्हा पृष्ठभागाला हात किती व कसा लावावा याची चर्चा शहरात घरोघरी झाली. श्रद्धेचा विषय आणि यंत्राचा विषय एका तराजूत घालण्याचा येथे हेतू नाही. परंतु लेप चढवणे आणि लेपाखालचे जपणे, या दोन्हींची जाण आपल्या समाजाला आहे एवढे त्यावरून दिसते. लेप चढवताना खालचे रूप शाबूत राहिले, म्हणून ते पुन्हा दिसू शकले. आजच्या यंत्राच्या रंगकामात नेमका येथेच फरक पडतो : नवा थर चढवण्यापूर्वी जुने सर्व थर लोखंडापर्यंत खरवडले जातात. परंपरेचा आधार थर चढवण्याला मिळतो, खरवडण्याला नाही.

खर्चाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे खर्चाकडे येऊ. रंगकामाच्या अंदाजपत्रकात सामान्यतः सुटे भाग उलगडणे, जुना रंग काढणे, पत्रा ठोकून सरळ करणे, लांबी भरणे, अस्तर, रंगाचे हात, अक्षरलेखन आणि पितळी भागांची झिलई ही कलमे असतात. जतनाच्या अंदाजपत्रकात तपासणी व छायाचित्रण, सौम्य सफाई, गंज थांबवण्यासाठी टॅनिक आम्लासारखे उपचार, मेणाचा संरक्षक थर, छप्पर आणि दरवर्षीची देखभाल ही कलमे येतात.

हिशेबाची रीत दाखवण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. एका संपूर्ण रंगकामाचा खर्च १०० मानू. उघड्यावर ते पाच वर्षे टिकते असे धरल्यास वीस वर्षांत चार वेळा रंगवावे लागेल, एकूण ४००. जतनासाठी छपराचे १५०, पहिल्या उपचाराचे ८० आणि दरसाल ५ प्रमाणे वीस वर्षांचे १०० धरल्यास एकूण ३३० होतात. येथपर्यंत जतन स्वस्त दिसते. परंतु रंगवलेला पंपही छपराखाली ठेवला आणि रंग दहा वर्षे टिकला, तर छपराचे १५० आणि दोन रंगकामांचे २०० मिळून ३५० होतात. म्हणजे फरक केवळ २० उरतो. हे आकडे कोणत्याही बाजारभावाचे नाहीत. ते बदलले की बेरीज बदलेल. तरीही दोन गोष्टी त्यातून स्पष्ट होतात. पहिली, खर्चाचे पारडे मुख्यतः छपराने फिरते, रंगाने नव्हे. दुसरी, छप्पर असेल तर केवळ पैशाच्या आधारे निर्णय होऊ शकत नाही; तो अन्य निकषांवरच घ्यावा लागतो.

या हिशेबात सहसा न धरली जाणारी दोन कलमे आहेत. पहिले आरोग्याचे. पारंपरिक शेंदूर म्हणजे रासायनिक दृष्ट्या शिशाचे ऑक्साइड. हाच पदार्थ 'रेड लेड' या नावाने लोखंडावरील गंजरोधक अस्तर म्हणून दीर्घकाळ वापरला गेला. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ साली झाले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या यंत्रांवरील रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरलीच पाहिजे. तोंडाला साधा रुमाल बांधून असा रंग कोरडा घासणारा कामगार ती धूळ श्वासावाटे घेतो आणि कपड्यांवरून घरी नेतो. स्वस्त रंगकामाच्या स्वस्तपणाचा काही भाग असा दुसऱ्याच्या शरीरातून वसूल होत असतो.

दुसरे कलम पुराव्याचे. नवा रंग कधीही विकत घेता येतो. पहिला रंग एकदाच लागलेला असतो. आज न रंगवलेला पंप दहा वर्षांनी रंगवता येईल. आज खरवडलेला पंप दहा वर्षांनी न खरवडलेला करता येणार नाही. एका निर्णयात पुढचा पर्याय खुला राहतो, दुसऱ्यात तो संपतो. ही असमानता रुपयांत मांडता येत नाही म्हणून ती अंदाजपत्रकातून वगळली जाते आणि वगळली गेल्यामुळे शून्य समजली जाते. प्रस्तुत लेखाचा मुख्य आक्षेप या पद्धतीवर आहे.

दोन प्रकारचा खोटेपणा

बाजाराने या वादाला आणखी एक वळण दिले आहे. एकीकडे ज्या पंपावर मुळात कोणता रंग होता याचा शोध न घेता त्याला बर्मा-शेलचा पिवळा-तांबडा साज चढवला जातो, माथ्यावर शिंपल्याच्या आकाराचा नवा काचेचा गोल बसवला जातो आणि तो उपाहारगृहाच्या दारात उभा राहतो. दुसरीकडे जुनेपणाला भाव आल्यामुळे मीठ व आम्ल यांचा प्रयोग करून नव्या पत्र्यावर मुद्दाम गंज चढवला जातो. पहिला प्रकार वस्तूला खोटे तारुण्य देतो, दुसरा खोटे वार्धक्य. दोन्हींमुळे अभ्यासकाची दिशाभूल होते. पॅटिनाचा पुरस्कार केवळ सौंदर्याच्या आधारे केला, तर या दुसऱ्या प्रकाराला विरोध करण्यासाठी आपल्याजवळ युक्तिवाद उरत नाही. कारण दिसायला तो तितकाच देखणा असतो. म्हणून पॅटिनाचे समर्थन 'ते सुंदर दिसते' या मुद्द्यावर नव्हे, तर 'ते खरे आहे आणि काही सांगते' या मुद्द्यावर उभे राहिले पाहिजे.

आपल्या परिसराच्या संदर्भात

दक्षिण महाराष्ट्रात हा प्रश्न पेट्रोल पंपापुरता मर्यादित नाही. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी आणि कोल्हापूरचे उद्यमनगर यांनी या प्रदेशाला लोखंडी नांगर, पाण्याचे पंप आणि ऑइल इंजिने दिली. विहिरीवर आणि गुऱ्हाळावर चाललेली ही इंजिने विजेच्या मोटारी आल्यावर अडगळीत गेली. त्यांपैकी काही शाळा-महाविद्यालयांच्या आवारात चौथऱ्यावर येतात आणि नॅक समितीच्या भेटीपूर्वी किंवा स्नेहसंमेलनाच्या तोंडावर त्यांना झगझगीत तैलरंग मिळतो. त्या रंगात अनुक्रमांकाची पट्टी, ओतकामातील अक्षरे आणि दुरुस्तीच्या खुणा बुजून जातात. हेतू सन्मानाचाच असतो. पण विद्यार्थ्याला त्या यंत्राजवळ नेऊन 'हे कोणी, कोठे, केव्हा बनवले?' असे विचारले, तर उत्तर देणारा मजकूर रंगाखाली गाडलेला असतो. शैक्षणिक संस्थेने तरी हे टाळावयास हवे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निकष मांडता येतात.

१. मूळ रंग, अक्षरे, मोहरा वा तबकडी यांपैकी काही शिल्लक असेल, तर संपूर्ण रंगकाम करू नये. प्रथम छायाचित्रे घ्यावीत आणि न दिसणाऱ्या जागी लहानशी खिडकी उघडून रंगाचे थर क्रमाने नोंदवावेत.

२. वापराची कळा राखावी. टाकून दिल्याची अवकळा थांबवावी. म्हणजे मुठीवरची झीज तशीच ठेवावी, पण पायाच्या लोखंडातील सक्रिय गंजावर उपचार करावा.

३. पैसा मर्यादित असेल तर तो प्रथम छपरावर खर्च करावा.

४. पृष्ठभागावर मूळचे काहीच उरले नसेल, यंत्र चालू स्थितीत वापरावयाचे असेल किंवा ते उघड्यावर ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर रंगकाम योग्यच आहे. अशा वेळी उरलेला घट्ट थर न खरवडता त्यावरच नवा रंग द्यावा, पट्ट्या व शिक्के झाकून वाचवावेत आणि काय केले याची तारीखवार नोंद यंत्राजवळ ठेवावी.

जुने ते सर्व पवित्र असे मानण्याचे कारण नाही आणि नवे दिसणे म्हणजेच नीटनेटके असणे, असेही नाही. रंगकामाचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी समोर येईल तेव्हा त्यात आणखी एक रकाना वाढवावा : 'या कामामुळे कायमचे नाहीसे होणारे'. तो भरण्यासाठी कोणाला तरी यंत्राजवळ जाऊन, वाकून, त्याच्यावरचे बारीक अक्षर वाचावे लागेल. तो रकाना भरल्यावरही रंगकामच योग्य वाटले, तर ते खुशाल करावे.